बंजारा भरतकाम

बंजारा (लमाण) समाजातील स्त्रियांची जाड सुती कापडावरील पारंपरिक भरतकला (→ बंजारा, भरतकाम).

उगम : बैलांच्या तांड्यांतून धान्य व मीठ यांची वाहतूक करणाऱ्या या समाजाचे मूळ राजस्थानात मानले जाते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे हा व्यवसाय मागे पडला आणि विदर्भ, मराठवाडा, कर्नाटक व आंध्र भागांत तांडे स्थिरावले.

वैशिष्ट्ये : लाल, निळ्या कापडावर धावदोरा, साखळी व फुलीचे टाके घालून चौकोन, त्रिकोण असे भौमितिक आकार भरतात. आरसे, कवड्या, नाणी, मणी, लोकरीचे गोंडे व ठिगळकाम यांची जोड असते. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), ओढणी आणि पिशव्या यांवर हे काम आढळते.

महत्त्व : घरगुती वापरापलीकडे पिशव्या, उशांचे अभ्रे, तोरणे, जाकिटे मागणीनुसार भरून देण्याचा लघुउद्योग यातून विकसित झाला. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी (बंजारा) भरतकामास 2010 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला (→ भौगोलिक निर्देशांक). वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे समाजाचे प्रमुख तीर्थक्षेत्र असून तेथे समाजाचा वारसा मांडणाऱ्या बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन 2024 मध्ये झाले (→ पोहरादेवी, सेवालाल महाराज).