डॅशबोर्ड पुसा, पण फराटे न उठवता

प्रतिनिधी

सर्व्हिसिंगहून गाडी परत येते तेव्हा आतला डॅशबोर्ड आरशासारखा चमकत असतो आणि मालकाला पैसे वसूल झाल्याचे समाधान लाभते. प्रस्तुत प्रतिनिधीलाही ते लाभले होते. मात्र त्याच दिवशी, मे महिन्यातील दुपारी तीनच्या सुमारास, पुण्याहून मुंबईकडे द्रुतगती मार्गाने येताना समोरच्या काचेवर एक धुरकट पडदा उभा राहिला. काचेवर पाणी मारले, वायपर चालवला, फरक पडेना. काच स्वच्छच होती. तेलकट डॅशबोर्डचे प्रतिबिंब आतून काचेत पडले होते आणि पुसणाऱ्याच्या हाताचे अर्धवर्तुळाकार फराटेही त्यात स्पष्ट दिसत होते. पुढे चाललेल्या ट्रकचे ब्रेकचे दिवे त्या पडद्याआडून ओळखण्यास क्षणभर उशीर झाला. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या क्षणाची किंमत कळते.

डॅशबोर्डचा वरचा भाग बहुतेक गाड्यांत गडद रंगाचा आणि किंचित खरखरीत ठेवलेला असतो, तो याचसाठी. अशा पृष्ठभागावर पडलेला प्रकाश विखुरतो, काचेत ठळक प्रतिबिंब उमटत नाही. अलीकडच्या गाड्यांची समोरची काच अधिक तिरकी आणि डॅशबोर्ड अधिक खोल असतो. साहजिकच प्रतिबिंबाला जागाही जास्त मिळते. कारखान्याने मुद्दाम घालवलेली चकाकी आपण पॉलिशच्या डबीतून पुन्हा विकत आणतो, हा यातला विनोद.

स्वस्त व मध्यम किमतीच्या गाड्यांत डॅशबोर्ड प्रामुख्याने पॉलिप्रॉपिलिन किंवा एबीएस या कडक प्लॅस्टिकचा असतो. महागड्या गाड्यांत फोमवर पीव्हीसी वा तत्सम मऊ आवरण चढवलेले आढळते. पीव्हीसी लवचीक राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये उष्णतेने हळूहळू उडून जातात. मग आवरण कडक होते, पुढे तडकते. आणि उडालेली द्रव्ये समोरच्या काचेच्या आतल्या बाजूस चिकट थर होऊन बसतात. नव्या गाडीची काच आतून वरचेवर धुरकटते, त्यामागे हेही एक कारण असते. म्हणून डॅशबोर्ड पुसायला घेतला की त्याच बैठकीत काचही आतून पुसावी.

उन्हात उभ्या गाडीत उष्णता किती साठते, याचा अंदाज अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. तेथे उन्हाळ्यात तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सियसवर गेले होते. नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा अनुभवलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. अशा तापलेल्या डॅशबोर्डवर ओले फडके फिरवले तर पाणी पुसून घेण्याआधीच वाळते आणि मागे पट्टे राहतात. फराट्यांचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण पाण्याचे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. पाणी वाळते, क्षार पांढरट रेषांच्या रूपाने उरतात आणि काळ्या डॅशबोर्डवर उठून दिसतात. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर यासाठी उत्तम. तिसरे कारण घाईचे: धूळ न झाडता थेट ओले फडके फिरवले की धुळीचा चिखल होतो आणि तोच सर्वत्र पसरतो.

तेव्हा गाडी आधी सावलीत घ्यावी, दारे उघडून डॅशबोर्ड हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून धूळ ओढून घ्यावी. एसीच्या जाळ्या आणि बटणांच्या फटी यांसाठी रंगकामाचा एक इंची नवा ब्रश फार उपयोगी पडतो. नेहमीचे पिवळे फडके कोरडी धूळ झटकण्यास ठीक, पण त्याचे तंतू मागे राहतात. पुसण्यासाठी मायक्रोफायबरची दोन कापडे घ्यावीत. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लहान मुलांच्या शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात. हे पाणी डॅशबोर्डवर फवारू नये. ते बटणांत, स्पीकरमध्ये, जाळ्यांत शिरते. कापडावर फवारावे आणि कापड घट्ट पिळून घ्यावे. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ हात ओढावा, गोल फिरवू नये. साबणाचा अंश उरला की तोही वाळून पट्टा उमटवतो, म्हणून पुन्हा एकदा नुसत्या पाण्याचे ओलसर कापड फिरवून लगेच दुसऱ्या, कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. शेवटी विजेरी तिरकी धरून पाहावे, राहिलेला फराटा लपत नाही.

अनेकांचे काम येथेच संपते आणि ते संपवावेही. पॉलिश लावायचेच असेल तर पाण्यात कालवलेले, दुधासारखे दिसणारे आणि मॅट फिनिश असा उल्लेख असलेले निवडावे. सिलिकॉन तेलाचे चकचकीत पॉलिश दिसायला भारी, पण त्यावर धूळ चिकटते आणि प्रतिबिंबाची कथा वर सांगितलीच आहे. मॅट पॉलिशही स्पंजवर अगदी थोडे घ्यावे, पातळ पसरावे, काही मिनिटांनी कोरड्या कापडाने चोळून काढावे. स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि पेडल यांना ते चुकूनही लावू नये, हातपाय घसरतात.

खोबरेल तेलाचा हात फिरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठते. पुण्या-नाशिकच्या थंडीतील सकाळी डॅशबोर्डवर पांढरट साय धरलेली दिसते ती त्यामुळेच. शिवाय उन्हाने ते खवट होते, तो वास वेगळाच. साचलेले तेल काढण्यास साबणाचे पाणी दोन-तीनदा वापरावे लागते. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, काही प्लॅस्टिक त्याने विरघळू लागते.

दसऱ्याच्या पूजेनंतर फिक्या रंगाच्या डॅशबोर्डवर हळदीचे बोट उमटले तर घाबरून साबण घासत बसू नये. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते, डाग अधिकच भेदरवतो. सुकी हळद ब्रशने झाडावी, ओलसर कापडाने टिपावे आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा. हळदीचा रंग उन्हात उडतो. कुंकवाचे मात्र तसे नाही, ते ताबडतोब टिपलेले बरे. गणपतीची मूर्ती दुतर्फा चिकटणाऱ्या पट्टीने बसवली असल्यास ती काढताना हेअर ड्रायरची सौम्य ऊब द्यावी. येथे एक गंभीर बाब आहे. १ जानेवारी २०२२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकाशेजारच्या आसनासाठीही एअरबॅग सक्तीची झाली आणि ती त्या बाजूच्या डॅशबोर्डमध्येच दडलेली असते. तिच्या झाकणावर मूर्ती, अत्तराची बाटली किंवा चिकटणारी रबरी चटई ठेवू नये. एअरबॅग फुगताना ती वस्तू थेट प्रवाशाच्या अंगावर फेकली जाते.

टचस्क्रीनला अमोनियायुक्त काचेचा द्रव लावू नये, वरचा लेप जातो. किंचित ओलसर स्वच्छ कापड पुरेसे आहे. करोनाच्या काळात सॅनिटायझर सर्रास फवारले गेले, पण अल्कोहोल वारंवार लागल्याने काही आवरणे पांढुरकी होतात.

संरक्षणाचे सर्वांत खात्रीचे साधन पॉलिशच्या दुकानात मिळत नाही. समोरच्या काचेच्या दोन थरांमधील प्लॅस्टिकचा पडदा बहुतांश अतिनील किरण अडवतो. उष्णता मात्र आत येतेच, आणि तिला चंदेरी सनशेडच रोखतो. तो काचेला लागून उभा करावा. गडद फिल्मचा मोह टाळावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे.

वापरलेली मायक्रोफायबर कापडे इतर कपड्यांत धुऊ नयेत आणि त्यांना कपडे मऊ करणारा द्रव लावू नये. त्याचा थर तंतूंवर बसतो, कापड पाणी शोषेनासे होते आणि पुढच्या खेपेस फराटे पुन्हा उमटू लागतात.