मेरी स्टुअर्टवरचा जुना आरोप

स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिच्याविषयीचा रूढ पूर्वपक्ष असा: इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिने डोक्याने राज्य केले, मेरीने मनाच्या ओढीने. तीन लग्ने केली. दुसऱ्या नवऱ्याचा खून झाला, आणि ज्याच्यावर खुनाचा संशय होता त्यालाच तिने तिसरा नवरा केला. मग राज्य गेले आणि शेवटी शीरही गेले. नाटककारांना हे फार आवडते. शिलरने तर आपल्या नाटकात दोन्ही राण्यांची भेटसुद्धा घडवून आणली. प्रत्यक्षात त्या कधीच भेटल्या नाहीत.

पहिल्या लग्नात मेरीच्या मनाचा प्रश्नच नव्हता. १५४२ साली बाप वारला तेव्हा ही सहा दिवसांची होती. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला ती सून म्हणून हवी होती. ठरलेली सोयरीक स्कॉटिश पार्लमेंटने मोडताच त्याने सैन्य धाडले. त्या युद्धापायी पाच वर्षांच्या राणीला फ्रान्सला पाठवावे लागले. १५५८ मध्ये तिथल्या युवराजाशी लग्न झाले आणि १५६० च्या डिसेंबरात, अठरा पुरी व्हायला तीन दिवस असताना, ती विधवा झाली.

डार्नलीशी १५६५ मध्ये केलेले दुसरे लग्न हा आक्षेपकांचा आवडता मुद्दा. तो देखणा होता, तिला आवडलाही होता, आजारपणात तिने त्याची शुश्रूषा केली, हे सगळे खरे. पण तो कोण होता? मेरीप्रमाणेच सातव्या हेन्रीचा पणतू. दोघांचे इंग्लंडच्या गादीवरचे हक्क या लग्नाने एकत्र येत होते. एलिझाबेथने मेरीला सुचवलेले स्थळ म्हणजे तिचा स्वतःचा मर्जीतला रॉबर्ट डडली. मेरीने त्याऐवजी डार्नली निवडला, तेव्हा एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलने विरोध नोंदवला आणि डार्नलीच्या आईला लंडनच्या टॉवरमध्ये कोंडण्यात आले. पोरकट प्रेमप्रकरणासाठी कोणी वराच्या आईला कैदेत टाकत नाही! मेरीचा सावत्र भाऊ बंड करून उठला, तेव्हा ती स्वतः घोड्यावर बसून सैन्यासह निघाली आणि त्याला इंग्लंडात पळवून लावले. डार्नली मद्यपी, गर्विष्ठ आणि कुचकामी निघाला, हे दुर्दैव. माणूस ओळखण्यात ती चुकली. सोयरिकीचा हिशेब चुकला नव्हता.

तिसरा नवरा बॉथवेल याचे प्रकरण खरोखर अवघड आहे. १० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे डार्नली उतरला होता ते कर्क ओ' फील्डचे घर सुरुंगाने उडाले आणि डार्नलीचे प्रेत बागेत सापडले, अंगावर स्फोटाची खूण नसलेले. मे महिन्यात मेरी बॉथवेलशी विवाहबद्ध झाली. एवढेच सांगितले तर आरोप सिद्धच वाटतो. मधला एप्रिल मात्र गाळला जातो. बॉथवेलवर खटला चालून तो निर्दोष सुटला. लगोलग अनेक सरदार आणि बिशपांनी एका करारनाम्यावर सह्या करून राणीने त्याच्याशीच लग्न करावे अशी शिफारस केली. मग त्याने तिला वाटेत अडवून डनबारच्या किल्ल्यात नेले. तेव्हा तिच्याबरोबर असलेल्या जेम्स मेल्व्हिलने आपल्या आठवणींत लिहिले आहे की बॉथवेलने तिच्यावर बळजबरी केली होती, म्हणून लग्नावाचून तिला गत्यंतर उरले नाही. ती राजीखुशीने गेली असे मानणारे आजही आहेत. पण सह्या करणाऱ्यांपैकीच काही जण दोन महिन्यांच्या आत कार्बेरी टेकडीवर तिच्याविरुद्ध उभे ठाकले, याचा खुलासा असे मानणाऱ्यांनी करायला हवा.

राहिला पुरावा. बॉथवेलच्या चांदीच्या पेटीत सापडली म्हणून मेरीची जी प्रेमपत्रे पुढे आणली गेली, त्यांचे मूळ कागद सोळाव्या शतकातच नाहीसे झाले. आज फक्त नकला आणि भाषांतरे आहेत. इंग्लंडात झालेल्या १५६८ च्या चौकशीत मेरीला समोर येऊन उत्तर देण्याची परवानगी मिळाली नाही, आणि १५६९ च्या जानेवारीत एलिझाबेथनेच निर्वाळा दिला की मेरीविरुद्ध काही सिद्ध झालेले नाही. ती पेटी मिळवणारा सरदार मॉर्टन. १५८१ साली त्याचा शिरच्छेद झाला, तो डार्नलीच्या खुनात सामील असल्याच्या आरोपावरून! कटाची आपल्याला आधीपासून माहिती होती, हे त्याने मरण्यापूर्वी कबूलही केले.

मेरी निष्पाप होती असे माझे म्हणणे नाही. नवऱ्याच्या खुन्यांचा कसून तपास न करणे हा राज्यकर्ती म्हणून तिचा मोठा अपराध. एलिझाबेथला मारण्याच्या बॅबिंग्टनच्या कटाला १५८६ मध्ये तिने पत्रातून संमती दिली, हेही मला नाकारता येत नाही. पण १५८७ साली फोदरिंघे इथे तिचे शीर उडवले गेले ते त्या कटासाठी, इंग्लंडातल्या जवळजवळ एकोणीस वर्षांच्या कैदेनंतर; तिच्या लग्नांचा त्या आरोपपत्राशी काहीच संबंध नव्हता. आणि ज्या लग्नाला वेडेपणा म्हटले जाते त्यातून झालेला मुलगा १६०३ मध्ये एलिझाबेथच्या गादीवर बसला. तेव्हापासून आजपर्यंत त्या गादीवर आलेला प्रत्येक राजा आणि प्रत्येक राणी मेरीचीच वंशज आहे.