बीपी वर-खाली होतं, तरी मेंदूचा रक्तपुरवठा कसा टिकतो?

सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्यासाठी ओळखला जातो. या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रानात भांगलण करायची तर तासन् तास खाली बसावं किंवा वाकावं लागतं. मग झटकन उभं राहिलं की साधारण अर्धा लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. रक्तदाब क्षणभर घसरतो. तरीही बहुतेकांना काही होत नाही, फार तर डोळ्यांपुढे दोन-चार सेकंद अंधारी येते. असं का?

मेंदूला थांबणं परवडत नाही

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो 20 टक्के. दर मिनिटाला सुमारे 750 मिलिलिटर रक्त तिथे पोहोचतं. मेंदूत ऑक्सिजनचा साठा जवळपास नसतोच. पुरवठा पूर्ण थांबला तर साधारण 10 सेकंदांत शुद्ध हरपते.

नळ कोण फिरवतं?

हे काम मेंदूतल्या छोट्या धमन्याच करतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. दाब वाढला की ते आवळतात, कमी झाला की सैल पडतात. धमन्यांचा हा गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी 1902 मध्ये मांडला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला तरी धमन्या रुंदावतात. घाबरून भराभर श्वास घेतला की तो कमी होतो, धमन्या आवळतात आणि गरगरतं.

मर्यादा किती?

डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी 1959 मध्ये दाखवलं, की सरासरी रक्तदाब 60 ते 150 च्या दरम्यान असेल तर मेंदूचा रक्तप्रवाह जवळपास स्थिर राहतो. 120/80 बीपी म्हणजे सरासरी सुमारे 93. पुढच्या संशोधनानुसार हा पट्टा प्रत्यक्षात अरुंद असतो आणि माणसागणिक बदलतो. दाब त्याखाली गेला तर चक्कर येते. फार वर गेला तर मेंदूला सूज येऊ शकते.

हाय बीपी असेल तर?

वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि हा पट्टाच वर सरकतो. मग इतरांसाठी नॉर्मल असलेला आकडाही, तो एकदम गाठला तर, अशा मेंदूला कमी पडू शकतो. म्हणूनच डॉक्टर सहसा बीपी हळूहळू, काही आठवड्यांत खाली आणतात. उपचार नियमित राहिले तर पट्टा बऱ्याच अंशी पुन्हा खाली येऊ शकतो.

त्यामुळे आकडा जास्त दिसला म्हणून मनानेच दोन गोळ्या घेऊ नका आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंदही करू नका. उठताना वारंवार चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

तोंड वाकडं झालं, एका हाताची ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी मेंदूच्या दुखावलेल्या भागातली ही यंत्रणा बिघडते आणि तिथला रक्तप्रवाह थेट बीपीवर अवलंबून राहतो. घरच्या घरी बीपी उतरवण्याची गोळी दिली तर उरलासुरला पुरवठाही घटू शकतो. त्यामुळे गोळी न देता 108 ला फोन करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.