शेजार काय म्हणाला?

नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची? ही म्हण तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती थट्टेने म्हटली जाते, पण तिच्यात एक निवाडा दडलेला आहे. पाऊस कुणाचे ऐकत नाही, त्याला जाब विचारता येत नाही. म्हणीने नवऱ्यालाही त्याच्याच रांगेत नेऊन बसवले. मार म्हणजे जणू आभाळाची मर्जी. ती ओसरेपर्यंत वळचणीला उभे राहायचे, एवढेच बाईच्या हाती!

मंडळी, आज मला मारणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांविषयी अधिक बोलायचे आहे. पलीकडच्या घरातून आवाज येतो, तेव्हा शेजार काय म्हणतो? यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते एका नामवंत घरातले. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी, यांच्या घरातले.

त्यांची हकिकत शिक्षकांना तोंडपाठ असेल. कल्याणच्या जोशांची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५ चा. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात नोकरीला, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. त्यांना एकच ध्यास होता, बायकोला शिकवायचे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. तिथून डॉक्टर होण्याचा निश्चय पक्का होत गेला. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या, आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आता या हकिकतीतला एक प्रसंग ऐका. अभ्यासाची वेळ होती आणि ही लहान मुलगी स्वयंपाकघरात आजीला हातभार लावत होती. गोपाळरावांनी ते पाहिले. त्यांचा राग अनावर झाला, आणि त्यांनी तिला बांबूच्या काठीने मारले. चरित्रकार सांगतात की, साऱ्या आळीत याची चर्चा झाली. चर्चा कसली? लहान पोरीला काठीने मारले म्हणून? छे! स्वयंपाक केला नाही म्हणून बायको मार खाते, हे सगळ्यांना ठाऊक होते. स्वयंपाक केला म्हणून, पुस्तक सोडून चुलीपाशी बसली म्हणून मार खाणारी बायको कुणी पाहिली नव्हती. त्याचे लोकांना नवल वाटले!

जरा थांबून विचार करा. शेजाऱ्यांना खटकले ते मारण्याचे कारण. काठी कुणालाच खटकली नाही.

आणि आपण? आपण त्या शेजाऱ्यांपेक्षा फार पुढे गेलो आहोत का? आजही ही गोष्ट सांगताना आपण कौतुकाने म्हणतो, ‘गोपाळराव कडक होते हो, पण म्हणून तर ती डॉक्टर झाली!’ शेजाऱ्यांना कारण विचित्र वाटले, आपल्याला ते थोर वाटते. काठीचा निवाडा मात्र त्यांनीही केला नाही, आपणही करत नाही.

तो केला खुद्द आनंदीबाईंनी. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जुना हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, वर सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. वयागणिक नोंद आहे. तुमची वागणूक चांगली की वाईट, असे विचाराल तर दोन्ही, असे त्या सांगतात. हेतू पाहिला तर बरोबर; पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल हे पाहिले, तर चूक. तेव्हाच नवऱ्याला सोडून का गेले नाही, तेही त्या सांगतात. वडिलांच्या अब्रूला बट्टा लागेल, ही भीती होती.

या पत्रात आक्रस्ताळेपणा नाही की कृतघ्नपणाही नाही. शिक्षण दिल्याचे श्रेय नवऱ्याच्या पदरात टाकून, मारल्याचा दोष त्यांनी वेगळा काढून ठेवला आहे. हेतूने मार धुऊन निघत नाही, एवढी साधी गोष्ट एका विशीतल्या मुलीला उमगली होती. त्याच सुमारास, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून हाच सवाल जगापुढे टाकला होता की, बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरे, हे कुठले न्यायाचे?

तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचे झाले. तर आजचा आकडा ऐका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांपुढे सात कारणे ठेवली होती. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केले, उलटून बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, नवऱ्याला संशय आला, शरीरसंबंधाला नाही म्हणाली. यांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारणे योग्य आहे, असे देशातल्या शंभरांपैकी ४५ बायका म्हणाल्या, आणि ४४ पुरुष. पुरुषांहून बायका एकने जास्तच! यात नवल मानू नका. ज्या मुलीने आईला मार खाताना आणि आजीला ‘तुझंच चुकलं ग’ म्हणताना पाहिले, ती मोठेपणी आधी आपलीच चूक शोधते. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी ७७ जणींनी ना कुठे मदत मागितली, ना कुणाला सांगितले.

दाद मागायला आता जागा नाही, असे मात्र नाही. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा वेगळा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहेत, त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, आणि एक गोष्ट खास शेजाऱ्यांसाठी आहे. अशी हिंसा होत असल्याचे ज्याला सकारण वाटते, तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळवले तर त्याच्यावर बालंट येत नाही. ‘त्यांच्या घरचं ते बघतील, आपण कशाला मधे पडा’ ही सबब कायद्याने काढून घेतली आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती खास तुम्हांला. वर्गात आनंदीबाई शिकवाल तेव्हा गोपाळरावांची जिद्द जरूर सांगा, पण तिथेच थांबू नका. ते पत्रही सांगा. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एखादे पोर असे असते, ज्याने कालच रात्री घरात काठीचा आवाज ऐकलेला असतो. तुम्ही त्या माराचे कौतुक करता की त्याला चूक म्हणता, हे ते कान देऊन ऐकत असते.

आणि इतरांना एवढेच सांगणे. पलीकडून आवाज आला, तर ‘काय केलं होतं तिनं?’ हे आधी विचारू नका. दार वाजवा.