कढई आणि कपबशी

परतवाड्याच्या बाजारातील आलूबोंडा, मिरचीभजे, कचोरी यांना ‘आपली खाद्यपरंपरा’ म्हणण्याची रीत आता रूढ झाली आहे. परंपरा म्हटली की ती सर्वांची, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासले पाहिजे.

जातिव्यवस्थेने अन्नाचीही उतरंड लावली. पाण्यात शिजवलेल्या अन्नाला विटाळ लवकर लागतो, तुपातेलात तळलेल्याला कमी, असा तो हिशेब. म्हणून भजे कागदावर टाकून कोणालाही विकता येई. पैशाला तर विटाळ नव्हताच. चहाचे तसे नाही. चहाला कपबशी लागते आणि ती दुकानदाराकडे परत जाते. कढईत झाकलेला भेद कपबशीत उघडा पडला.

माझे वडील इथे लाकडाची हमाली करीत. मेळघाटचे सागवान त्यांच्या खांद्यावरून उतरे. चहाची कपबशी मात्र त्यांना स्वतः विसळून वेगळी ठेवावी लागे. तरी पैसे मोजून घेतलेले भजे ते मानाने खात. गावकीच्या कामाबद्दल दारोदार मागून आणलेली शिळी भाकर हेच आमच्या पूर्वजांचे वेतन होते. ती टाकून देण्याचे आवाहन बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या परिषदेत अंबादेवीच्या दाराचा प्रश्न उभा राहिला. देवळाच्या दारातील लढ्याची इतिहासाने नोंद घेतली; हॉटेलच्या दारात रोज जे घडले, त्याची घेतली नाही.

घटनेच्या १५व्या कलमाने दुकाने व उपाहारगृहे सर्वांना खुली केली. १९५५च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. संसदेला कायद्यात भांड्यांचा उल्लेख करावा लागला, यातच आपल्या खाद्यसंस्कृतीचा मोठा इतिहास आला.

आज कागदी कप आले आहेत. तेवढ्यावरून भेद गेला असे मानणे घाईचे ठरेल. पिऊन फेकायचा कप कोणाचीच परीक्षा घेत नाही. कढईमागे कोण उभे आहे, ही खरी परीक्षा. आमच्या माणसाने विकत घेणे समाजाने चालवून घेतले. आमच्या माणसाने तळलेले, त्याची वस्ती ठाऊक असताना, किती जण विकत घेतात?

विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी आपापल्या बाजारात ही नोंद करावी. खाद्याच्या गाड्या किती, त्यांत आपल्या वस्तीच्या किती, आणि तिथे वस्तीबाहेरचे कोण खातात. वेगळ्या कपबशीच्या आठवणीही, त्या सांगणारी माणसे आहेत तोवर, लिहून घ्याव्यात.