सोलापूरच्या विवाहविधीतील साधी फुले : एक ऐतिहासिक टिपण

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी होत. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा व्यक्त केली असता त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. योगदंडाचे प्रतीक असलेल्या सात नंदीध्वजांना बाशिंग बांधतात, हार घालतात. दुसऱ्या दिवशीच्या होमविधीत कुंभारकन्या असते ती बाजरीच्या पेंढीची, साडी नेसवलेली. सबंध शहर ज्या विवाहास वऱ्हाडी म्हणून लोटते, त्यातील वधूवरांचा साज हा असा आहे.

या हारांच्या प्राचीनतेविषयी मात्र सावधपणे बोलावयास हवे. आज ज्या झेंडूवाचून लग्नमंडपाचे तोरण कल्पिता येत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोहोचल्यानंतरच तो भारतात येऊ शकला. अर्थात सिद्धरामेश्वरांच्या काळी तो येथे नव्हता. जाई, मोगरा, चाफा, कण्हेर आणि आंब्याचे डहाळे यांच्या पंक्तीत हा परदेशी पाहुणा बसला व घरचाच झाला. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. झेंडूचे एक फूल म्हणजे असंख्य लहान पुष्पकांचा गुच्छ असतो. सुई टोचली तरी तो विस्कटत नाही आणि सोलापूरच्या कोरड्या हवेतही पाण्याविना दिवसभर तग धरतो. परंपरेत टिकून राहिले ते फुलाचे स्थान. फूल बदलत गेले.

साधेपणाचा संबंध सहसा काटकसरीशी जोडला जातो. १८७५ च्या दख्खन दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढेही लग्नखर्चाचा प्रश्न होता. रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून या खर्चास अवाजवी महत्त्व दिले जाते, कर्जाचे मूळ क्वचितच त्यात असते, असे मत आयोगाने नोंदविले. त्यानंतर १८७९ साली झालेला शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, नगर यांबरोबर सोलापूर जिल्ह्यासही लागू झाला. त्याआधीच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह जवळजवळ पानसुपारीच्या खर्चात पार पडला होता. त्यामागे उभे असलेल्या जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे आडनावच फुलांच्या व्यवसायावरून पडलेले! त्यांचा आक्षेप मुख्यतः पुरोहिताच्या मध्यस्थीवर व दक्षिणेवर होता; परसातल्या फुलांवर आक्षेप घेण्याचे कारणच नव्हते.

फूल हा लग्नातील खर्चाचा स्वतंत्र रकाना झाला तो बऱ्याच नंतर, हरितगृहातील जरबेरा, कार्नेशन व्यासपीठामागे आल्यावर. त्या तुलनेत झेंडू आजही स्वस्त आहे. पण ही स्वस्ताई शेतकऱ्याच्या बाजूने पाहिली तर वेगळी दिसते. ज्या वर्षी दसऱ्याला आवक फार होते, त्या वर्षी भाव वाहतुकीचा खर्चही भरून काढत नाही आणि न विकलेल्या फुलांचे ढीग बाजाराच्या रस्त्यावरच पडून राहतात.