सुनेला: पुष्कराजाचा उपेक्षित भाऊ

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे तिथे छावणी वसली, तोच आपला कॅम्प. इंग्रजी फौजेतल्या स्कॉटिश पलटणींत कट्यारीच्या मुठीवर केर्नगॉर्म डोंगरातला पिवळसर स्फटिक मानाने बसवत. १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पतीने बाल्मोरल घेतल्यावर त्याचे दागिने फॅशनच झाले.

त्याच जातीचा आपला सुनेला. आपण मात्र त्याला उपरत्न ठरवून पुष्कराज न परवडणाऱ्याच्या बोटात घातला. तेवढ्याच आकाराचा पुष्कराज दीडपट जड भरतो. आज बाजारातला बराचसा सुनेला तापवून पिवळा केलेला जांभळा स्फटिक असतो, विचारूनच घ्यावा.

आईच्या अंगठीतला ‘पुष्कराज’ सुनेलाच निघाला. ती म्हणाली, “रंग तोच ना? मग राहू दे.” खोटं होतं ते फक्त नाव.